लोक गूगलवर काय शोधतात, त्यावरून डॉक्टरने काय लिहावं?

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी साडेसातला दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली. आत बावन्न वर्षांचे काका, किराणा दुकान चालवणारे, गेली अनेक वर्षं माझ्याकडे येणारे. सोबत काकू आणि नुकतंच कॉलेज संपलेला मुलगा. काकांचा चेहरा पांढराफटक, सदरा घामाने भिजलेला. "डॉक्टर, रात्री एक वाजल्यापासून पित्त खवळलंय, काही केल्या उतरत नाही," काकू म्हणाल्या. ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक होता आणि साडेसहा तास उलटून गेले होते.

प्रथमोपचार केले, रुग्णवाहिका बोलावली, मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे अँजिओप्लास्टी झाली. काका आज दुकानात बसतात, पण एक जिना चढला की थांबावं लागतं. त्या साडेसहा तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो काही परत येत नाही.

दोन आठवड्यांनी मुलगा रिपोर्ट दाखवायला आला. मी विचारलं, "अरे, रात्रभर तुम्ही करत काय होतात?" तो म्हणाला, "सर, गूगलवर बघून उपाय करत होतो. आधी थंड दूध दिलं, मग जिऱ्याचं पाणी, मग ओवा चावायला दिला, मग डाव्या कुशीवर झोपवलं." त्याने फोन काढून दाखवला. शोधलेले शब्द होते, 'पित्तावर घरगुती उपाय'. त्या रात्री तीन लेख उघडले होते. तिसरा लेख माझा होता.

लेख चुकीचा नव्हता. हृदयविकाराचं दुखणं कधीकधी पित्तासारखं वाटतं, हेही त्यात होतं. पण ते होतं शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. मुलगा चौथ्या उपायापर्यंत वाचून स्वयंपाकघरात गेला होता. घरात माणूस तळमळत असताना कोण शेवटपर्यंत वाचतं?

आज मी एका वेगळ्याच विषयावर लिहितोय. आजारावर नाही, औषधावर नाही. लोक काय शोधतात याचे जे आकडे मिळतात, ते कसे मिळतात, किती खरे असतात, आणि त्यांच्यावरून आरोग्याचे लेख कसे ठरतात, यावर. तुम्ही म्हणाल, याचा पेशंटशी काय संबंध? संबंध आहे. तुमच्या फोनवर 'पोटात दुखतंय' लिहिल्यावर जे वर येतं, ते कुणीतरी आकडे बघूनच लिहिलेलं असतं. माझा पित्ताचा लेखही तसाच जन्माला आला होता.

झालं असं की, तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने, जो हेच काम करतो, मला सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही लिहिता छान, पण कुणी शोधत नाही अशा गोष्टींवर लिहिता. आधी आकडे बघा." त्याने एक यादी दिली. पित्त, केस गळणे, पोटाची चरबी, गुडघेदुखी, चेहऱ्यावरचे डाग. यादीत उच्च रक्तदाब खालच्या बाजूला होता. क्षयरोग नव्हताच. मी यादीतला पहिला विषय उचलला. दहा उपाय लिहिले, कारण दहा उपाय असलेले लेख वर येतात असं तो म्हणाला. लेख खूप वाचला गेला, मला बरंही वाटलं. लपवत नाही.

हे आकडे येतात कुठून?

पैसे न देता मिळणारी साधनं मुख्यतः तीन. मी ती स्वतः शिकलो, काकांच्या प्रसंगानंतर. आपला लेख लोकांपर्यंत कसा गेला हे मला समजून घ्यायचंच होतं.

पहिलं गूगल ट्रेंड्स. कुणालाही उघडता येतं, खातं लागत नाही. एखादा शब्द टाकला की २००४ पासून आजपर्यंत त्याची चढउतार दाखवणारी रेषा मिळते. महाराष्ट्र निवडला तर फक्त महाराष्ट्राची. पाच शब्दांची एकमेकांशी तुलना करता येते. पण तिथे जो ० ते १०० असा आकडा दिसतो, तो माणसांचा नाही. त्या काळात त्या शब्दाचं जे सर्वात मोठं शिखर होतं त्याला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. शिवाय तो एकूण शोधांमधला वाटा असतो, आणि तोही सगळे शोध मोजून नाही, नमुना घेऊन काढलेला. म्हणून एखाद्या छोट्या राज्यावर १०० आणि महाराष्ट्रावर ४० दिसलं तर 'तिथे जास्त लोक शोधतात' असं म्हणता येत नाही. तिथल्या एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा मोठा आहे, एवढंच. ट्रेंड्स म्हणजे आईने कपाळावर ठेवलेला हात. कालपेक्षा आज अंग जास्त गरम आहे हे नक्की कळतं. ताप किती, ते थर्मामीटरशिवाय कळत नाही.

दुसरं कीवर्ड प्लॅनर. हे मुळात जाहिरात देणाऱ्यांसाठी आहे, त्यासाठी गूगलच्या जाहिरातींचं खातं उघडावं लागतं. इथे महिन्याला किती वेळा शब्द शोधला जातो याचा आकडा मिळतो. मात्र तुम्ही जाहिरातीवर खर्च करत नसाल तर आकड्याऐवजी पट्टा मिळतो. '१०० ते १ हजार', '१ हजार ते १० हजार' असा. आता कल्पना करा, तुम्ही लॅबमध्ये रक्त दिलंत आणि रिपोर्ट आला की तुमची साखर १०० ते १००० च्या मध्ये कुठेतरी आहे! दुसरी अडचण म्हणजे तो महिन्यांचा सरासरी आकडा असतो. डेंग्यू आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो, उष्माघात एप्रिल-मे महिन्यांत, विदर्भात तर जास्तच. बारा महिन्यांची सरासरी काढली की दोन्ही बारीक दिसतात. मार्चमध्ये कुणी डेंग्यू शोधत नाही म्हणून ऑगस्टची निकड कमी होत नाही.

तिसरं सर्च कन्सोल. हे फक्त स्वतःच्या पानांसाठी. आपलं पान किती वेळा शोधाच्या यादीत दिसलं, कितीजणांनी त्यावर बोट ठेवलं, साधारण कितव्या क्रमांकावर होतं, आणि लोकांनी नेमके कोणते शब्द लिहिले होते, हे सगळं मागच्या सोळा महिन्यांचं मिळतं. हे म्हणजे आपल्या ओपीडीचं रजिस्टर. आलेल्या पेशंटची नोंद पक्की. जे दुसऱ्या दवाखान्यात गेले किंवा घरीच बसले, त्यांच्याबद्दल रजिस्टर गप्प. आणि अगदी मोजक्या लोकांनी लिहिलेले शब्द खासगीपणाच्या कारणाने त्यात दाखवत नाहीत, ते योग्यच आहे.

या तिन्हींची मोट बांधली तर अंदाज काढता येतो. पद्धत साधी त्रैराशिकाची. आपला एखादा लेख एखाद्या शब्दासाठी कायम पहिल्या पानावर असेल, तर तो जितक्या वेळा दिसला तो आकडा म्हणजे जवळपास त्या शब्दाच्या शोधांची संख्या. समजा तो महिन्याला ६०० आहे. आता ट्रेंड्सवर तोच शब्द आणि ज्याचा अंदाज हवा तो दुसरा शब्द शेजारी शेजारी टाकायचे, प्रदेश आणि काळ तोच ठेवून. पहिल्याची सरासरी २० आणि दुसऱ्याची ५० आली, तर दुसरा शब्द अडीचपट, म्हणजे महिन्याला साधारण १५००. कीवर्ड प्लॅनरने त्याला '१ हजार ते १० हजार' म्हटलं असेल तर जुळलं. '१० ते १००' म्हटलं असेल तर कुठेतरी गडबड आहे, पुन्हा बघायचं. यात एक पैसा लागत नाही. पैसे घेऊन आकडे देणाऱ्या सेवाही असतात. त्याही अंदाजच देतात, एकाच शब्दासाठी दोन सेवांचे आकडे वेगळे येतात, आणि मराठी शब्दांपुढे तर अनेकदा शून्य. डॉक्टरने त्यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीत हा अंदाज का फसतो

खरी गंमत इथे आहे. ट्रेंड्समध्ये शब्द टाकला की तो शब्द त्याच अक्षरांत मोजला जातो. समानार्थी शब्द, वेगळं शुद्धलेखन, चुकीचं शुद्धलेखन, काही त्यात धरलं जात नाही. आता डेंग्यू घ्या. डेंग्यू, डेंगू, डेंगी, तिन्ही लिहिले जातात. थायरॉइड आणि थायरॉईड. ॲसिडिटी तर दोन वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप होते. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आणि आपल्यातले कित्येकजण मराठी बोलतात पण रोमन अक्षरांत टाइप करतात. त्यांची मोजणी पुन्हा वेगळी.

शिवाय देवनागरी आपली एकट्यांची नाही. 'मधुमेह' हा शब्द मराठीत आहे तसाच हिंदीतही आहे. सगळ्या भारताचा आकडा बघितला तर तो मराठी माणसाचा राहत नाही. फक्त महाराष्ट्र निवडला तर मुंबई-नागपूरचे हिंदीत शोधणारे त्यात येतातच, आणि गोवा, बेळगाव, इंदूर किंवा परदेशातला मराठी माणूस गळतो. आणि मुळात 'मधुमेह' हा शब्द माझ्या ओपीडीत किती लोक वापरतात? "शुगर आहे" म्हणतात. "शुगर लागली" म्हणतात. 'क्षयरोग' भिंतीवरच्या पाटीवर असतो, तोंडात 'टीबी' असतो. मे २०२१ मध्ये कोविडनंतर जी बुरशी आली तिला डॉक्टर म्युकरमायकोसिस म्हणत होते, वर्तमानपत्रं काळी बुरशी आणि बातम्यांवाले ब्लॅक फंगस. नाकातून काळपट स्राव येतोय, गाल बधिर झालाय, अशा माणसाला या तिन्हींपैकी एकही शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. तो 'गाल सुन्न पडला' असं लिहिणार.

म्हणजे ज्या शब्दाचा आकडा शून्य दिसतो, त्या दुखण्याचे लोक शून्य असतात असं नाही. आपण त्यांचा शब्द विचारलेला नसतो.

आकड्यांवर भरवसा ठेवून मोठमोठे फसले

मी उगाच नकारघंटा वाजवत नाही. एक मोठं उदाहरण सांगतो, अमेरिकेतलं. २००८ साली गूगलने 'गूगल फ्लू ट्रेंड्स' नावाचा उपक्रम सुरू केला. कल्पना हुशारीची होती. माणूस आजारी पडला की आधी शोधतो, मग डॉक्टरकडे जातो. तेव्हा शोधांवरून फ्लूची साथ ओळखली तर तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रापेक्षा एक-दोन आठवडे आधी कळेल. २००९ मध्ये 'नेचर' या नामांकित नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला. सगळं जग भारावून गेलं होतं.

त्याच वर्षी स्वाइन फ्लू आला. वसंतात आलेली ती पहिली लाट या यंत्रणेला नीट ओळखताच आली नाही. साथ नेहमीच्या हिवाळ्यात आली नव्हती, आणि यंत्रणा बऱ्याच अंशी फ्लूऐवजी हिवाळाच ओळखायला शिकली होती. मग दुरुस्ती केली. त्यानंतर २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने उलट चूक केली. फ्लूसारख्या आजारासाठी डॉक्टरकडे गेलेल्यांचं जे प्रमाण प्रत्यक्षात नोंदलं गेलं, त्याच्या दुपटीहून जास्त अंदाज आला. २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे अंदाज जास्तच होता. २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध करणं बंद झालं.

कारणं अनेक होती, त्यातलं डॉक्टर म्हणून मला पटणारं एक सांगतो. फ्लूची बातमी आली की निरोगी माणसंही फ्लू शोधतात. शोधात आजार आणि धास्ती दोन्ही मिसळलेले असतात आणि वेगळे करता येत नाहीत. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा हेच दिसलं. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, दूषित पाण्याकडे बोट गेलं. त्याआधी 'जीबीएस' हा शब्द डॉक्टरांबाहेर कुणी उच्चारलेला नव्हता. दोन आठवड्यांत शेकडो किलोमीटरवर असलेल्या माझ्या पेशंटच्या तोंडी तो आला. हाताला मुंग्या आल्या की जीबीएस! त्यातल्या बहुतेकांना ब-१२ ची कमतरता होती किंवा मान अवघडलेली होती. त्या महिन्याचा आकडा बघून कुणी म्हणेल, महाराष्ट्रात जीबीएस हा सर्वात मोठा आजार आहे.

आणि ज्याची बातमी होत नाही त्याचं काय? जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, पण टीबीची रेषा सपाट. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणंच नसतात, मग शोधणार काय? सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बांधावर पायाला साप चावलेला शेतकरी फोन काढून लेख वाचत बसणार नाही, आणि त्याने बसूही नये. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात विंचूदंशावर काम केलं, तेव्हा 'या विषयाला मागणी किती' असं कुणी त्यांना विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं?

मग आकडे बघूच नयेत का?

माझे काही डॉक्टर मित्र असंच म्हणतात. "आपण शास्त्र सांगायचं, बाजार बघायचा नाही." ऐकायला छान वाटतं, पण मला ते पटत नाही. कारण आकडे न बघता लिहिलेलेही माझे लेख आहेत, आणि त्यांची अवस्था मला माहीत आहे.

एका लेखाचं शीर्षक होतं, 'श्वेतप्रदर : कारणे व उपचार'. शुद्ध मराठी, कुणी वाचलं नाही. माझ्या ओपीडीत आजवर एकही बाई 'मला श्वेतप्रदर होतंय' असं म्हणालेली नाही. त्या म्हणतात, "अंगावरून पांढरं जातंय." तेही नर्सच्या कानात, मी पाठ फिरवल्यावर. गूगलवर बघितलं तर शोधणाऱ्याही तेच शब्द लिहितात. पहिले दोन शब्द लिहिले की बाकीचे खाली आपोआप सुचवले जातात, त्या सूचना वाचल्या तरी कळतं की हा प्रश्न किती जणींनी विचारलाय. शब्द बदलले, लेख तोच ठेवला, आणि लेख वाचला जाऊ लागला. माझी पत्नी म्हणाली, हे मला विचारलं असतंस तर गूगलची गरज नव्हती. खरं आहे.

म्हणून माझं मत असं झालंय. 'किती लोक शोधतात' या आकड्यावरून विषय ठरवू नये. विषय डॉक्टरने आपल्या ओपीडीवरून, आपल्या अनुभवावरून ठरवावा. पण 'कोणत्या शब्दांत शोधतात' हे मात्र गूगललाच विचारावं, आणि आपला संस्कृत शब्द गिळून त्यांचा शब्द वापरावा. त्या मुलाने मला यादी दिली ती वाईट नव्हती. मी ती उलटी वापरली. पित्त हा लोकप्रिय विषय आहे, म्हणजे तिथे पित्तावर लिहावं, एवढंच मी वाचलं. खरं तर त्या यादीचा अर्थ होता की हार्ट अटॅक आलेली माणसं रात्री या दारातून आत येतात. 'हृदयविकाराची लक्षणे' असाही माझा एक लेख होता, चांगला, चित्रांसकट. पण तो कोण शोधतं? ज्याला आपल्याला हृदयविकार असेल अशी शंका आली आहे तो. काकांना शंकाच आली नव्हती. त्यांच्यासाठीचा इशारा पित्ताच्या लेखात, पहिल्या ओळीत हवा होता.

हे लक्षात आल्यावर मी जुने सगळे लेख याच नजरेने पाहिले. 'डोकेदुखीवर घरगुती उपाय' शोधणाऱ्यांत आयुष्यातली सर्वात तीव्र, एका क्षणात सुरू झालेली डोकेदुखी असलेला कुणी असू शकतो, त्याला मेंदूत रक्तस्राव असू शकतो. 'पोटरी दुखणे' शोधणाऱ्यांत एकच पाय सुजलेला कुणी असतो, त्याच्या शिरेत गुठळी असू शकते. 'लहान मुलांना जुलाब' शोधणारी आई रात्री दोनला शोधते, आणि बाळाला लघवी कधी झाली होती हा प्रश्न तिला आधी विचारायला हवा. मग ओआरएस कसं करायचं ते.

आणि एक लेख मी आकडा जवळजवळ शून्य असताना लिहिला. 'पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर.' पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि परत डाग दिसला, तर घरात कुणी म्हणतं उष्णता आहे, कुणी थट्टा करतं. प्रत्यक्षात अशा बाईची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा काढून तपासणं. जगभरातल्या अभ्यासांची सरासरी काढली तर अशा शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि लवकर सापडला तर बहुतेकदा ऑपरेशनने बरा होतो. हा लेख महिन्याला दहा-बारा जणीच वाचतात. आकडा सांगणारा तो मुलगा याला वाया गेलेला लेख म्हणेल. तुम्हीच हिशोब करा.

तुम्ही, वाचणाऱ्यांनी

तुमच्यासाठीही यात काही गोष्टी आहेत. शोधल्यावर जो लेख सर्वात वर येतो तो सर्वात बरोबर असतोच असं नाही. त्या विषयाला गिऱ्हाईक आहे हे ओळखून तो लिहिलेला असण्याची शक्यता असते, माझा होता तसाच. दहा उपायांची यादी दिसली की आधी खाली जा आणि 'डॉक्टरांकडे कधी जावे' हा भाग शोधा. तो भागच नसेल तर लेख बंद करा. बातमीतल्या 'यंदा सर्वाधिक शोधला गेलेला आजार' या वाक्यावरून स्वतःच्या तब्येतीबद्दल काही ठरवू नका. हौस असेल तर गूगल ट्रेंड्स स्वतः उघडून महाराष्ट्र निवडा आणि 'डेंग्यू' टाका. दर पावसाळ्यात उठणारे डोंगर दिसतील. मुलांना दाखवण्यासारखं आहे.

आणि शोधायचंच असेल तर आजाराचं नाव स्वतः ठरवून शोधू नका. त्या रात्री मुलाने 'पित्त' हे निदान आधीच केलं होतं, गूगलने फक्त त्यावरचे उपाय दिले. 'छातीत जळजळ, घाम, मळमळ, वय ५२' असं लिहिलं असतं तर कदाचित वेगळं काही वर आलं असतं. कदाचित. मी याची खात्री देत नाही, रात्री एक वाजता फोनपेक्षा शेजाऱ्याची गाडी बरी.

एक काम मात्र तुमच्याकडे मागतो. तुमच्या घरात, गावात दुखण्यांना जे शब्द आहेत ते मला सांगा. दम लागण्याला धाप म्हणता की आणखी काही? 'चमक भरली', 'वात आला', 'भोवळ', 'अंग मोडून आलंय' असे शब्द मी वहीत लिहून ठेवतोय. कोकणातले, मराठवाड्यातले, खानदेशातले शब्द माझ्याकडे फार कमी आहेत. ओपीडीत या तेव्हा सांगितलेत तरी चालेल, तपासणी झाल्यावर.

पित्ताचा लेख मी काढून टाकला नाही. शीर्षक तेच ठेवलंय, 'पित्तावर घरगुती उपाय', म्हणजे शोधणारे तिथेच येतील. फक्त पहिला परिच्छेद नवा आहे, मोठ्या अक्षरांत:

"थांबा. छातीत किंवा छातीच्या खाली जळजळ होत असेल आणि सोबत घाम, मळमळ, दम लागणं, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखणं यांपैकी काहीही असेल, किंवा वय चाळीसच्या पुढे आहे, शुगर, बीपी किंवा तंबाखू आहे आणि जळजळ पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाही, तर पुढचं वाचू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या अशा दवाखान्यात जा जिथे आत्ता, या वेळी ईसीजी निघतो. दूध नंतर."